शेवटचा घास साळुंकीचा

“कुणाला भ्याला?”

ताट किंवा डबा अगदी चाटूनपुसून रिकामा दिसला, की चाचांचा हा प्रश्न ठरलेला. ते आधी ताटाकडे बघत, मग माणसाकडे.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. कुणी जोड्यांवरून माणूस ओळखतो, कुणी हस्ताक्षरावरून. चाचा उष्ट्यावरून ओळखत. बारामतीला कालव्याच्या गोऱ्या साहेबांचा बंगला होता, तिथले ते खानसामा. मी त्याच आवारातल्या कचेरीत कारकून. चाचांचं गाव इंदापूर तालुक्यातलं कळस. ती तीस सालानंतरची वर्षं. आता चाचा नाहीत, आणि माझ्या ताटाकडे बघणारंही कुणी नाही.

दुपारी मी व्हरांड्यात डबा उघडायचो. मुसलमानाच्या हातचं खायचं नाही हा आमच्या घरचा शिरस्ता, आणि तो मोडायची माझी छाती नव्हती. चाचांनी कधी आग्रह केला नाही. जाता जाता डब्यात मात्र डोकावत.

“भाऊसाहेब, भाजी तशीच ऱ्हायली. मंडळी रुसल्यात जणू.”

बायको खरंच रुसलेली असे. एकदा मी डबा साफ केला, तर लगेच “कुणाला भ्याला?” घरी सासरे मुक्कामाला होते आणि डबा त्यांच्यासमोर उघडला जाणार होता. हे मी चाचांना सांगितलं नाही. सांगायची गरज पडली नाही.

साहेबांची मड्डम तापानं गेली आणि सात वर्षांची मुलगी मागं राहिली. तिला सगळे बेबी म्हणत. आई गेल्यावर बेबीनं जेवण सोडलं. साहेब रागावले, डॉक्टर आले, काही उपयोग झाला नाही. मग चाचांनी तिचं ताट उचलून व्हरांड्यात नेलं आणि कठड्याकडे बोट दाखवलं.

“बेबी, शेवटचा घास साळुंकीचा. पर तू आदुगर जेवशील तवाच शेवटचा घास हुईल न्हवं?”

बेबीला हे पटलं. ती जेवायला लागली, आणि पावाचा शेवटचा तुकडा कठड्यावर ठेवायला लागली. आठवड्याभरात चार साळुंक्या जेवणाच्या वेळेला हजर राहू लागल्या. त्या आमच्यापेक्षा वक्तशीर होत्या.

पुढं तिच्या शाळेचा प्रश्न निघाला. बारामतीत गोऱ्या मुलीसाठी शाळा कुठली? बहुतेक साहेबलोक मुलं विलायतेला धाडत. हे साहेब तयार होईनात. बायको इथं पुरलेली, आता पोरगी समुद्रापार पाठवायची म्हणजे त्यांना घर रिकामंच वाटणार. शेवटी डोंगरावरच्या दोन शाळांची माहितीपत्रकं मागवली. पत्रव्यवहार माझ्याकडे होता, म्हणून मलाही मोटारीत घेतलं. बेबी जेवावी म्हणून चाचांना घेतलं.

पहिली शाळा मोठी देखणी. आत सगळी इंग्रज मुलं, एका ओळीत चालणारी. शाळेच्या मोठ्या मड्डमनं आम्हाला जेवणघर दाखवलं आणि अभिमानानं सांगितलं, की आमचं एकही मूल ताटात शीत ठेवत नाही. साहेब खूश झाले. मड्डमची नजर चाचांच्या कडक इस्त्रीच्या फेट्यावर गेली. शाळेचा खानसामा नुकताच सोडून गेला होता. मुलीला इथं घालणार असाल तर यालाही द्या, म्हणाली.

मी ते चाचांना मराठीत सांगितलं. त्यांचा चेहरा असा उजळलेला मी आधी पाहिला नव्हता. “म्हंजी बेबी हितं आन् मी बी हितं?” त्यांनी मला दोनदा विचारलं. मग भांडी घासायची जागा बघून येतो म्हणून आत गेले. बाहेर आले ते थेट मोटारीत जाऊन बसले.

दुसरी शाळा दोन म्हाताऱ्या बहिणींची, त्याही कुठल्याशा बर्फाळ मुलखातल्या. मुलं नाना देशांची: मिशनऱ्यांची, एका ग्रीक व्यापाऱ्याची, दोन पारशी बहिणी. छपराचे पत्रे गंजलेले. जेवणघरात असा गलका, की साहेबांनी कपाळाला हात लावला. खानसामा तिथं जुना होता आणि चांगला टुणटुणीत होता. चाचा मागं जाऊन उष्ट्याची बादली बघून आले.

ही शाळा आता नावापुरतीच बघायची, असं मी मनात धरलं होतं. परत मोटारीत बसताना साहेबांनीच त्यांच्या मोडक्या मराठीत विचारलं, “चाचा, कोणता?”

“ही, साहेब.”

“का?”

“तिकडली ताटं लई साफ व्हती. पन्नास पोरं जेवली आन् बादली कोरडी. पोरं अशी जेवत न्हाईत. भ्याली की जेवत्यात. हितं बादलीत पावाच्या कडा हायत्या, अर्धी केळी हायती. आपल्या बेबीला शेवटचा घास ठिवायला लागतोय.”

साहेबांनी एकदा वळून त्या गंजक्या पत्र्यांकडे बघितलं. मोटार घाट उतरायला लागली.

वाईला मोटारीत पाणी भरायला थांबलो, तेव्हा मी चाचांना बाजूला घेतलं. “अहो, तिथं तुमची सोय होती. तुम्ही असता तर बेबीला काय कमी पडलं असतं?”

“मी चुलीपाशी असणार, भाऊसाहेब. ताटापाशी ती मड्डम.” मग मोटारीकडे वळत म्हणाले, “आन् माझी सोय बघाया आलो व्हतो व्हय आपण?”

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला दुसऱ्या शाळेला पत्र लिहायला सांगितलं. शाळा उघडली, बेबी गेली. जाताना ती फार रडली. चाचा रडले नाहीत. त्यांनी तिच्या ट्रंकेचं कुलूप तीनदा ओढून बघितलं.

महिन्याभरानं बेबीचं पत्र आलं. साहेब कालव्याच्या तपासणीला इंदापूरकडे निघाले होते, जाताना ते पत्र माझ्या हाती देऊन गेले आणि म्हणाले, चाचांना वाचून दाखवा. मी दुपारी स्वयंपाकघरात गेलो. चाचा ताट पुढ्यात घेऊन बसले होते. मी मराठी करत करत वाचलं. बेबीनं लिहिलं होतं, की इथं साळुंक्या नाहीत, म्हणून मी तुकडा चिमण्यांना देते. दोघी बहिणींतल्या धाकट्या मिस म्हणाल्या, खिडकी उघडी ठेवू.

“पुन्यांदा वाचा,” चाचा म्हणाले. मी पुन्हा वाचलं. ते “बास” म्हणाले, आणि खाली बघत बसले.

तेव्हा माझं लक्ष त्यांच्या ताटाकडे गेलं. इतकी वर्षं त्यांनी माझा डबा बघितला, मी त्यांचं ताट कधी बघितलं नव्हतं. भाकरी मोडलेली नव्हती. कालवण थंडगार. कोपऱ्यात फडक्याखाली सकाळचं ताटही तसंच होतं. त्यांचा अंगरखा खांद्यावर ढिला झाला होता, हेही मला तेव्हाच दिसलं. मला फार वाईट वाटलं, आणि स्वतःची लाजही वाटली.

मी खाली बसलो. त्यांच्या ताटातली भाकरी मोडून अर्धी घेतली, अर्धी त्यांच्यापुढं सरकवली.

“चाचा, शेवटचा घास साळुंकीचा. पण आधी जेवायला पाहिजे ना?”

मी त्यांच्या हातच्या कालवणात बुडवून पहिला घास तोंडात घातला. चाचा पहिल्यांदाच ताटाकडे न बघता नुसते माझ्याकडे बघत राहिले.

“भाऊसाहेब,” ते म्हणाले, “आज कुणालाच भ्याला न्हाई व्हय?”

मग त्यांनी हात धुतले आणि जेवायला घेतलं. बाहेर कठड्यावर साळुंक्या येऊन बसल्या होत्या.