पगड्या काढल्या म्हणून

आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीच्या यादीतून माझं नाव काढायचं की नाही, हे ठरवायला पाळकसाहेब धरून कमिटीचे पाच काका रविवारच्या शाळेच्या खोलीत बसले होते. खोली मुलांची, त्यामुळे खुर्च्याही मुलांच्या. पाच भरदार माणसं, गुडघे छातीशी आणि टाय गुडघ्यांवर लोंबताहेत. मला उभं ठेवलं होतं. हसू येत होतं, पण हसण्यासारखं काही नव्हतं. मी सव्वीस वर्षांची, न्यू जर्सीत केमिस्ट्रीचं संशोधन करत होते आणि अख्ख्या आठवड्यात मराठीतून प्रार्थना, मराठीतून जेवण आणि मराठीतून भांडण मिळायचं ते या एकाच ठिकाणी. नाव गेलं की ते सगळं जाणार होतं.

कुणाचीच नावं देत नाही. भीती वाटते म्हणून नाही. ज्यांनी केलं ते वाचतील तेव्हा स्वतःला ओळखतीलच.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. नगरला कॉलेजात असताना स्टेन्सिल कापून बोटं काळी करून घेतली, इथे आल्यावर युनिव्हर्सिटीच्या दारात उभी राहून दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या राजवटीशी व्यवहार तोडा म्हणणारी पत्रकं वाटली. पत्रकाचा नियम मला कळतो तो असा: पहिल्या ओळीत कोणी काय केलं ते सांगायचं, दुसऱ्या ओळीत आपल्याला काय हवं ते. तेव्हा सांगते. कमिटीने मला मंडळीबाहेर काढायचं ठरवलं. मला त्याचं कारण लेखी हवं होतं.

आमची मंडळी म्हणजे वेस्ट विंडसरच्या आसपासची चौदा-पंधरा घरं. अमेरिकन चर्चची सकाळची उपासना संपली की दुपारी तीनला त्यांचा हॉल आम्हाला मिळायचा. उपासना, मग जेवण, मग पार्किंग लॉटमध्ये तासभर निरोप. पाळकसाहेब साधे गृहस्थ, आठवडाभर इन्शुरन्सच्या ऑफिसात नोकरी करायचे. वसंतात एक नाटक बसवायचं ठरलं तेव्हा ते मला म्हणाले, "पत्रकं लिहितेस ना, मग हेही लिही." विषय ठरलेलाच होता, येशूला मानलं म्हणून मारल्या गेलेल्या पहिल्या हुतात्म्याचा खटला. यरुशलेमची न्यायसभा, समोर एकटा माणूस, त्याचं ते लांबलचक भाषण, आणि मग शहराबाहेर नेऊन दगड.

हे नाटक मला पाठ होतं. आमच्या गावी मिशनच्या चाळीत कापणीच्या सणाला ते दरवर्षी व्हायचं. आणि दरवर्षी न्यायसभेतले याजक डोक्यावर लाल पगडी, खांद्यावर उपरणं आणि कपाळाला गंध लावून यायचे. लोक टाळ्या पिटायचे. का, ते आमच्याकडे कुणाला समजवावं लागत नाही. माझे पणजोबा महारवाड्यातून मिशनच्या चाळीत आले. ज्यांनी त्यांना देवळाच्या पायरीखाली उभं केलं, त्यांना वर्षातून एकदा भर मंडपात खलनायक करायची आमची ही हक्काची जागा होती. मीही काही वेगळा विचार केला नाही. लॅबमधली खोकी आणली, पुठ्ठा कापला, लाल क्रेप कागद गुंडाळला, पाच पगड्या तयार. कमिटीला फार आवडल्या. अध्यक्षकाकांनी तर एक डोक्यावर ठेवून बघितली.

एक गोष्ट मात्र मी गावच्या नाटकात नव्हती ती घातली. हा माणूस मुळात न्यायसभेपुढे आला कसा? तर मंडळीत जेवण वाटताना काही विधवांना डावललं जात होतं, तक्रार झाली, आणि वाटप नीट करायला जे सात जण निवडले त्यातला हा एक. म्हणजे आधी हा वाढपी, मग वक्ता. मी पहिल्या प्रवेशात पंगत दाखवली आणि एक विधवा दाखवली, जिच्यापर्यंत भाकरी येतच नाही.

ती विधवा करायला मी मावशींना विचारलं. मावशी म्हणजे मुलाकडे राहायला आलेली साठीची बाई, माझ्याच तालुक्यातली. आमच्या मंडळीत जेवणानंतरची भांडी त्या घासायच्या आणि सगळ्यांचं झालं की सिंकपाशी उभ्यानं जेवायच्या. असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. कुणी थांबवलंही नव्हतं. ज्या घरांत अजून दुसऱ्या वाक्याला 'आम्ही मूळचे कोण' हे निघतं, त्या घरच्या बायका टेबलाशी बसायच्या आणि हाक मारायच्या, "मावशी, जरा पाणी."

तालमी सुरू झाल्या आणि मला वाटलं, न्यायसभा खरी दिसायला हवी. म्हणून लॅबमधल्या काकांकडे गेले. ते अलिबागकडचे, बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडे ज्यांना शनवार तेली म्हणायचे ते मराठी यहूदी. आमच्या मजल्यावरची सगळी यंत्रं त्यांच्या ताब्यात असायची. मला मशीन हवं असलं की म्हणायचे, "मिळेल, पण आधी डब्यात काय ते दाखव."

मी विचारलं, "काका, तुमच्या प्रार्थनेच्या शाली मिळतील का दोन-चार? नाटकाला हव्यात."

"देतो की. कुणाला घालणार?"

"न्यायाधीशांना."

"आणि आरोपीला?"

"त्याला साधा पांढरा झगा."

"का बरं? तो कोण, तुझ्या नगरचा?"

मग ते म्हणाले, "तालमीला येतो. बघू तरी काय चाललंय."

आले. मागच्या बाकावर बसले. पगड्या घातलेले पाच जण ओळीने आले तसे ते मोठ्यांदा हसले. "हे काय, पेशव्यांचा दरबार भरलाय?"

"न्यायसभा आहे ती."

"बरं. म्हणजे राग भटजींचा आणि बांधलास आमच्या डोक्यावर."

मग ते हसायचे थांबले. म्हणाले, "हे बघ पोरी. आरोपी कोण? आमचाच. न्यायाधीश आमचेच, साक्षीदार आमचेच. तो भाषणात कुणाचा इतिहास सांगतो? आमच्या बापजाद्यांचा, आमच्याच समोर. घरातलं भांडण होतं ते. वाईट झालं, माणूस मेला, ते मी झाकत नाही. पण आमच्याकडे कोण नियम मोडतो आणि कोण खरा, यावर अजून दर शनिवारी प्रार्थनेनंतर पायरीवर भांडण होतं. भांडतो आणि मलिदा खाऊन घरी जातो. तुम्ही लोकांनी मात्र आरोपीला आपला केलात आणि न्यायाधीश आमच्याकडे ठेवलेत."

मी म्हटलं, "आम्ही कुणाचा द्वेष करत नाही, काका."

"मला मुंबईला शाळेत एका मुलानं विचारलं होतं, तुम्ही लोकांनी का मारलंत? मी नऊ वर्षांचा. घरी जाऊन आईला विचारलं, आई, आपण कोणाला मारलं? ती पोळ्या करत होती. तिनं पुढची पोळी लाटायला घेतली. तो मुलगाही कुणाचा द्वेष करत नव्हता. त्यानं नाटक बघितलं होतं."

मला राग आला. आधी त्यांचा, मग गाडीत बसेपर्यंत स्वतःचा. दुसऱ्यावर खापर फोडणाऱ्यांविरुद्ध मी पत्रकं लिहीत होते आणि माझ्याच हातांनी ते काम पुठ्ठ्यात कापून ठेवलं होतं.

पुढच्या तालमीला मी पगड्या काढल्या. घरातलं भांडण ना? मग घरचेच कपडे. न्यायसभेतल्या पाच जणांना सूट, टाय आणि छातीवर निळी पट्टी दिली. तशी पट्टी लावून आमची कमिटी दर रविवारी दारात उभी राहायची. झगे कुणालाच नाहीत, आरोपीलाही नाही. बाकी एक शब्द बदलला नाही.

पहिल्या प्रवेशात मावशी रिकामं ताट घेऊन उभ्या राहिल्या आणि दुसऱ्यात निळ्या पट्ट्यांचे पाच जण आत आले. मागे कुणीतरी खोकलं. अध्यक्षकाका उठले आणि म्हणाले, "आज पुरे."

बुधवारी सेक्रेटरीकाकांचा फोन. रविवारी उपासनेनंतर कमिटीपुढे ये.

तर ती लहान खुर्च्यांची खोली. अध्यक्षकाका म्हणाले, "दोन गोष्टी. पगड्या परत घाल आणि तो जेवणाचा प्रवेश काढ. बाकी नाटक छान आहे."

"पगड्या का?"

"परंपरा आहे आपली."

"यरुशलेममध्ये पगड्या नव्हत्या, काका."

"सूट होते का?" सेक्रेटरीकाका म्हणाले. दोघे-तिघे हसले. मीही हसले, चांगलं उत्तर होतं.

"नव्हते. पण न्याय करणारे आणि आरोपी एकाच घरचे होते. ते दिसायला हवं."

अध्यक्षकाकांनी पुढे वाकायचा प्रयत्न केला, खुर्ची कुरकुरली. "हे बघ, तू आफ्रिकेतल्या काळ्या लोकांसाठी पत्रकं वाटतेस. आम्ही कधी काही बोललो? उलट अभिमान आहे. मग इथे कशाला?"

"इथे जास्त जवळ पडतं म्हणून."

"उद्धटपणा नको."

"मग प्रश्न विचारू नका."

पाळकसाहेब मध्ये पडले, "अगं, मावशींनाच विचारू. त्यांची काही तक्रार आहे का, बघू." आणि दार उघडून हाक मारली. मावशी आल्या, हात पुसत. साक्षीदार असेच बोलावतात, आणि मावशींच्या मुलाला नोकरी सेक्रेटरीकाकांनी लावली होती.

"मावशी, इथल्या जेवणाबद्दल तुमची काही तक्रार?"

"नाही."

"ऐकलंस?" अध्यक्षकाका मला म्हणाले.

"तक्रार नाही," मावशी म्हणाल्या. "तक्रार करायची तर कुणाकडे करायची, ते इथे बसलेत. पण ते ताट घेऊन उभं राहायचं काम मला येतं. शिकवावं लागलं नाही. ते काढू नका." आणि दार ओढून घेऊन गेल्या.

मी तेवढ्यात बोलून घेतलं. दोन मिनिटं बोलले असेन, त्या हुतात्म्यासारखं लांब भाषण मला जमत नाही. म्हटलं, पगडी घातली की तुम्हाला टाळ्या वाजवता येतात. पगडी काढली की तुम्हाला मीटिंग घ्यावी लागते. मी पगड्या परत घालणार नाही. घातल्या तर लॅबमधल्या काकांना तोंड दाखवता येणार नाही आणि मावशींनाही. तुम्हाला नाटक रद्द करायचं तर करा, हॉल तुमच्या नावावर आहे. पण मी ते बदलायला तयार झाले, असं कुणाला सांगायचं नाही.

हात वर झाले. तीन विरुद्ध दोन. पाळकसाहेबांचा हात माझ्या बाजूचा होता, हे नोंदवते, कारण तो अर्धाच वर झाला होता. नाटक रद्द, आणि 'शिस्तीच्या प्रश्नावरून' माझं नाव यादीतून कमी.

सेक्रेटरीकाकांनी वही पुढे केली. "सही कर."

"कारण काय लिहिलंत?"

"शिस्त."

"कसली शिस्त? लिहा ना, पगड्या काढल्या म्हणून. विधवेच्या हातात रिकामं ताट दिलं म्हणून. लिहा, मी लगेच सही करते."

"असं कुठे मिनिट्समध्ये लिहितात?"

"मग जे लिहिता येत नाही ते करता कसं?"

सही केली नाही. वही तशीच राहिली.

पुढच्या रविवारी मी तीन वाजता हॉलमध्ये जाऊन नेहमीच्या बाकावर बसले. प्रभुभोजनाचा रविवार होता, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर सगळ्यांनी मिळून खायचा. गावी पाळक स्वतः एकेकाच्या हातावर भाकर ठेवतात, त्यामुळे कुणाला वगळायचं ते पाळकाच्या हातात असतं. इथे अमेरिकन पद्धत. ताट बाकाच्या एका टोकाला देतात आणि ते हातोहात पुढे जातं. कमिटीच्या हे लक्षातच आलं नव्हतं. ज्याचं नाव काढलंय त्याला भाकर द्यायची की नाही, हे आता माझ्या शेजारच्या माणसाला ठरवायचं होतं, आणि माझ्या शेजारी होत्या अध्यक्षकाकू.

ताट त्यांच्या हातात आलं आणि थांबलं. समोर उभे अध्यक्षकाका आमच्याकडेच बघत होते. मी काकूंकडे वळले नाही. मागायचं नाही, असं ठरवून आले होते. बाकावरच्या सगळ्यांना कळत होतं की ताट थांबलंय.

काकू समोर बघत, ओठ न हलवता म्हणाल्या, "घे लवकर. हात दुखतोय माझा."

मी घेतली. ताट पुढे गेलं.

घरी जाताना गाडीत त्यांचं काय बोलणं झालं, मला माहीत नाही. त्याबद्दल त्या मला कधी काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. पण त्यानंतर त्या माझ्या बाकावरून उठून दुसरीकडे गेल्या नाहीत.

यादीत माझं नाव आजही नाही. मी दर रविवारी जाते. कारण लेखी द्या म्हणून कमिटीला तीन पत्रं दिली, तिन्हींची पोच आहे, उत्तर एकाचंही नाही. चौथं काल टाइप केलं. त्यात या वेळी एक ओळ वाढवली आहे: उत्तर दिलं नाहीत तर हेच पत्र पार्किंग लॉटमध्ये प्रत्येकाच्या हातात देईन. वाटायचं कसं, ते मला चांगलं येतं.