नावापुढचा शेरा

केंदूरच्या हरिबा कोळप्यांची थोरली लेक सुषमा बोलायला बसली की समोरच्या बाईला ती परकी वाटायचीच नाही. हरिबांची मेंढरं कधीच विकली गेली होती, पाटाखालचं थोडं रान कसून घर चालत होतं. सुषमा रोज एसटीनं शिरूरला जाऊन कॉम्प्युटर शिकली. नवऱ्याला सोडून ती माहेरी आली त्याला सहा वर्षं झाली होती. त्याबद्दल ती बोलत नसे, आणि कुणी खोदून विचारलंच तर उठून जात असे.

दोन हजार सातच्या दिवाळीनंतर शिरूरच्या एसटी स्टँडामागं, औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ‘हाळी’ नावाची कंपनी सुरू झाली. मालक सत्यजीत, गावच्या शेती सोसायटीचे चेअरमन भिमाजीआप्पांचा मुलगा, पुण्याहून इंजिनियर होऊन आलेला. एका नंबरावर एक मेसेज टाकला की तो गटातल्या सगळ्यांच्या मोबाईलवर एकदम पोचणार, असा तो धंदा. गावोगाव फिरून गट जमवायचं काम सुषमाकडं आलं.

तिनं ते जीव ओतून केलं. शिरूरची गावं झाली, मग दौंडकडची पाटस, वरवंड. बायकांच्या ओट्यावर बसायचं, नाव-नंबर वहीत उतरवायचे, ऑफिसात येऊन ते कॉम्प्युटरवर चढवायचे. काही नावांपुढं ती शेरा लिहायची. दुधाळ जनावर असेल तर ‘दूध’, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरची खबर देता येईल. नवरा वारला असेल तर ‘विधवा’, सोडलेली असेल तर ‘एकटी’, म्हणजे निराधार पेन्शनचे फॉर्म निघाले की लगेच कळवता येईल. तिचं तिलाच ते सुचलं होतं.

पहिल्याच हिवाळ्यात केंदूरच्या उसात बिबट्या दिसला. सुषमानं मेसेज टाकला आणि गवताला गेलेल्या साठ-सत्तर बायका अर्ध्या तासात घरी परतल्या. त्या दिवशी गावातून चालताना तिला स्वतःचा हेवा वाटला.

या कामाला वाईट वास यायला लागला तो गावातल्या झुंबरबाईंचा नवरा वारला तेव्हा. सुषमा त्यांच्या अंगणात, बायकांमध्ये बसली होती. ‘अंत्यविधी दहा वाजता’ हा मेसेज तिनंच ऑफिसात फोन करून टाकायला सांगितला होता. एकाच वेळी सगळ्यांचे फोन वाजले. तिनं उघडून पाहिलं. मयताच्या नावाखाली, अगदी चिकटून, लिहिलं होतं : ‘फरशी व टाईल्सवर भव्य सूट. आजच भेट द्या.’ समोर प्रेताला आंघोळ घालत होते. तिनं फोन पालथा करून पदराखाली सारला.

“मेसेजमध्ये जागा उरली होती, ताई,” दुसऱ्या दिवशी सत्यजीत म्हणाला. “वाया कशाला घालवायची?”

तिनं तेव्हाच काम सोडायला हवं होतं. सोडलं नाही. ही गोष्ट पुढं तिला सगळ्यात जास्त डाचली.

चैत्रात एका सकाळी सोजराबाई तिच्या दारात आली. सोजराबाई चाळिशीची, नवरा जाऊन आठ वर्षं झालेली, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मेलेला उंदीर शेपटीनं धरावा तसा तिनं मोबाईल दोन बोटांत धरला होता.

“ह्ये बंद कर,” ती म्हणाली. “कायमचं.”

हळूहळू कळलं ते असं. सोजराबाईला वाचता येत नव्हतं. फोन वाजला की बिबट्याची खबर असेल म्हणून ती दूध डेअरीवर दीर रखमाजीकडून वाचून घ्यायची. आदल्या दिवशी रखमाजीनं सगळ्यांदेखत मोठ्यानं वाचलं : ‘एकट्या आहात? मनमोकळ्या गप्पांसाठी मित्र हवा? आत्ता फोन करा.’ डेअरीवरची माणसं खिदळली. संध्याकाळपासून अनोळखी पुरुषांचे फोन सुरू झाले. रखमाजी म्हणाला, “तू नंबर वाटल्याबिगर का येत्यात?” आणि तिला डेअरीवर यायची बंदी झाली.

सुषमानं आपला फोन पाहिला. तिला असला मेसेज नव्हता. आई गिताबाईलाही नव्हता. मग ती गावात घरोघर फिरली. अकरा बायकांकडं तो मेसेज सापडला. अकराच्या अकरा नावं तिला पाठ होती. त्यांच्याच पुढं तिनं ‘विधवा’ किंवा ‘एकटी’ असा शेरा लिहिला होता. स्वतःच्या नावापुढची जागा मात्र तिनं कोरी ठेवली होती.

ती तशीच शिरूरला गेली. सत्यजीत टेबलाशी वडापाव खात होता.

“आपली यादी कुणाला दिली?”

“पुण्याच्या एका पार्टीला. का?”

“विधवा बायांचीच?”

“त्यांना तेवढीच हवी होती.” त्यानं पुढ्यातल्या छापील यादीला बोटांची चटणी पुसली. “खरं सांगू का ताई, इतकी व्यवस्थित यादी त्यांनी कुठं पाहिली नव्हती. तुमचं कौतुक करत होते.”

त्या कौतुकानं तिच्या अंगावर शेवाळ चढल्यासारखं झालं. आपल्याच हातांना कसलातरी चिकट वास येतोय असं वाटून तिनं ते पदराला पुसले.

“नावं परत घ्या.”

“गेलेला डेटा परत येतो होय? तुम्ही उगाच मनाला लावून घेताय. त्या बायकांना कुणी खाल्लं का?”

तो हात धुवायला खाली गेला. सुषमा कॉम्प्युटरपुढं बसली, सगळे गट निवडले आणि लिहिलं : ‘हाळी कंपनीनं तुमचे नंबर विकले. बाया एकट्या आहेत हे मी लिहून ठेवलं होतं. चूक माझीबी आहे. सुषमा कोळपे, केंदूर.’ खाली रस्त्यावर कुणाचातरी फोन वाजला, मग औषधाच्या दुकानात वाजला. सत्यजीत धावत वर येईस्तोवर मेसेज सगळीकडं पोचला होता. तो काय काय ओरडला ते तिनं ऐकलं नाही. चपला घालून ती जिना उतरली.

दोन दिवसांनी भिमाजीआप्पा स्वतः हरिबांच्या दारी आले.

“हरिबा, पोरीला म्हणावं, गैरसमज झाला व्हता असा एक मेसेज टाक. मिटवू.”

हरिबा उठून उभे राहिले. आयुष्यभर त्यांनी आप्पांपुढं मान वर केली नव्हती. “आप्पा, तिची चूक तिनं लिव्हली. आता तुमच्या पोराला त्याची लिव्हू द्या.”

आप्पा चहा न घेता गेले.

सोजराबाईकडं जायला सुषमाला आठवडा लागला.

“माझ्या नावाम्होरं तूच लिव्हलं व्हतंस?”

“व्हय. पेन्शनची खबर द्यायची म्हनून.”

“मला इचारलं व्हतंस?”

“न्हाई.”

सोजराबाई आत गेली आणि दार लावून घेतलं.

पुढं दोन महिने सुषमा वही घेऊन तीच गावं, तेच ओटे फिरली, आणि प्रत्येकीला तोंडानं सांगितलं. वरवंडला एकीनं तिला उंबऱ्यावरूनच हाकललं. पाटसच्या दगडाबाईनं पाणी दिलं आणि म्हणाली, “माझ्या फोनवर अजून येत्यात. तू निदान आलीस तरी. त्यो मालक कुठं हाय?”

मालक पुण्यात होता. वर्षभरात एका मोठ्या कंपनीनं ‘हाळी’ विकत घेतली आणि ग्रामीण भागातला हुशार तरुण म्हणून त्याचा फोटो पेपरात आला. सुषमानं तो पाहिला. तिला रागही आला नाही, थुंकावंसं मात्र वाटलं.

ती दौंडला मावशीकडं राहून शिवणकाम करू लागली. आजही कुठल्या दुकानात कुणी मोबाईल नंबर विचारला की घेतलेली वस्तू तिथंच ठेवून बाहेर पडते. केंदूरला तिचं येणं-जाणं होतं, तिथं सोजराबाई दोन वर्षांनी तिच्याशी बोलायला लागली, तेही कामापुरतं.