कॅम्प कशाचा हाय? लातूर-नांदेड, आठ रात्री गाडीत

नीटची परीक्षा झाली की लातूर रिकामं होतं. हॉस्टेलच्या गॅलरीतल्या दोऱ्यांवर एकपण टॉवेल दिसत नाही, झेरॉक्सवाले दुपारी शटर ओढून झोपतात आणि आमची गाडी घरासमोर उभी राहते. गाडी म्हणजे पप्पांची सतरा सीटर. वर्षभर ती पोरांना हॉस्टेलवरून क्लासला नेते आणि क्लासवरून हॉस्टेलला आणते. जूनमध्ये नवीन बॅच येईपर्यंत तिला काही काम नसतं. मला पण नव्हतं, कारण माझं इंजिनिअरिंग नुकतंच संपलं होतं.

दोन वर्षं मी मोबाईलवर परदेशातले लोक बघत होतो. ते गाडीत राहतात, गाडीत झोपतात, सकाळी दार उघडलं की समोर तळं असतं. मी पप्पांना म्हणलं, आपल्या गाडीत पण हे होऊ शकतं.

"घर असून गाडीत झोपायचं?" पप्पा म्हणाले.

मी हो म्हणलं.  तिसऱ्या दिवशी पप्पांनी शर्त सांगितली. "आठ रात्री. सगळ्या गाडीत. जमलं तर गाडी तुझी, क्लासला मी दुसरी बघतो. एक जरी रात्र बाहेर काढलीस तर सीट परत बसवायचे, अन् हा विषय पुन्हा घरात न्हाई."

सीट काढले अझहरने. अझहर आमच्या गल्लीतलाच, माझ्यासोबत पहिलीपासून, त्याच्या अब्बांचं सीट कव्हरचं दुकान आहे. त्याने मागे प्लायवूडचा पलंग ठोकला, फोम घातला, बॅटरीवर एक पंखा जोडला. चाळीस लिटरचा पाण्याचा कॅन आणि छोटी शेगडी ठेवली. मग म्हणाला, "मी पण येतो. सीट परत मलाच बसवायचेत, बघू तरी किती दिवसांनी."

पहिला दिवस: लातूर, अहमदपूर, लोहा. रस्ता चांगला आहे. उन्हाचं काय सांगू, मे महिना आहे. रात्री लोह्याच्या अलीकडे एका पेट्रोल पंपावर गाडी लावली. जे असा प्रवास करणार आहेत त्यांच्यासाठी टीप: डिझेल आधी भरा, मग विचारा. आम्ही आधी विचारलं. मॅनेजर म्हणाला जागा नाही. मग अझहरने दोन हजाराचं डिझेल भरलं, तर जागा निघाली, टॉयलेटची किल्ली निघाली आणि सकाळी बोअरवर आंघोळ पण झाली. पंख्याने रात्रभर गरम हवा आमच्या अंगावर इमानदारीने टाकली.

नांदेडला दोन रात्री काढल्या. पहिली रात्र गुरुद्वाऱ्याजवळच्या पार्किंगमध्ये. तिथे पंजाबहून आलेल्या गाड्या असतात, लोक गाडीत, गाडीखाली, गाडीवर झोपलेले असतात, त्यामुळे तुमच्याकडे कोणी बघत पण नाही. लंगरमध्ये जेवलो. डाळ अशी होती की अझहर तीनदा बसला. सगळ्या ट्रिपमध्ये एवढी सोपी जागा पुन्हा मिळाली नाही, तुम्ही पहिल्यांदा जात असाल तर इथूनच सुरुवात करा.

दुसऱ्या रात्रीसाठी आम्ही क्लासेसच्या भागात एका झाडाखाली लावली. संध्याकाळी सहा वाजता एक काका-काकू आणि त्यांची मुलगी खिडकीतून आत बघायला लागले.

"रूम हाय का?" काकांनी विचारलं.

"नाही, गाडी आहे," मी म्हणलं.

"ते दिसून राहिलं. भाड्यानं हाय का? पोरगी रिपीटर हाय. सकाळपासून फिरून राहिलो, सगळे म्हणतात बुकिंग झालं."

काकू तोपर्यंत आत चढल्या होत्या. त्यांनी फोम दाबून बघितला. "दोघी राहू शकतेत की. मेस जवळ हाय का?"

मुलगी खालीच उभी होती. ती म्हणाली, "आई, ह्याला चाकं हायत."

"चाकं अस्ली म्हणून काय झालं. लाईट येतीय ना?"

त्यांना नाही म्हणायला मला अर्धा तास लागला. जाताना काकांनी माझा नंबर घेतला, पुढच्या वर्षी लागला तर.

चौथी रात्र इस्लापूर. सहस्रकुंड धबधबा बघायचा होता. मी फोटो जुलैचे बघितले होते आणि तारीख मेची ठरवली होती. पैनगंगेत काळे खडक होते, एक म्हैस होती, आणि खडकांच्या मधे एक डबकं होतं ज्यात ती म्हैस होती. चहाच्या टपरीवाल्याला मी विचारलं, पाणी कधी येतं.

"पाणी आलं की येतं," तो म्हणाला.

तिथल्या शाळेच्या पटांगणात झोपलो, मस्त जागा आहे, वारा होता. पाचवी रात्र भोकर रस्त्यावरच्या ढाब्यावर. तिथलं एकच सांगतो, ट्रकच्या शेजारी लावू नका. ट्रकवाले पहाटे चारला निघतात, आणि त्याआधी पाऊण तास इंजिन गरम करतात.

सहाव्या रात्रीसाठी मुखेडवरून जळकोटकडे आलो. जळकोटच्या अलीकडे एका गावात देवळासमोर मोठी मोकळी जागा दिसली, चिंचेची झाडं, हातपंप. पारावर चार म्हातारे बसले होते. ह्या वेळी मी ठरवलं होतं की नीट, स्पष्ट परवानगी मागायची. मी म्हणलं, "काका, आम्ही लातूरहून आलोय. आज रात्री इथे कॅम्प करायचाय, चालेल का?"

"कॅम्प?" एक काका उठूनच बसले. "कशाचा हाय?"

मी म्हणलं, "आमचाच."

"फुकट?"

"हो, फुकटच की." मला वाटलं ते जागेचं विचारतायत.

त्यांनी मान हलवली, दुसऱ्याने सरपंचाला फोन लावला, तिसऱ्याने पोराला पिटाळून आमच्यासाठी दूध आणवलं. मी अझहरला म्हणलं, बघ, नीट बोललं की लोक कसे वागतात.

सकाळी साडेसहाला दार उघडलं. समोर तळं नव्हतं. समोर अकरा म्हातारी माणसं रांगेत बसली होती. उपाशी आली होती, कारण मागच्या वेळी कॅम्पला उपाशी बोलवलं होतं. एका आजोबांच्या हातात त्यांचा जुना चष्मा होता, दोऱ्याने बांधलेला. सगळ्यात पुढच्या मावशी म्हणाल्या, "डाव्या डोळ्यात मोतीबिंदू हाय, डाक्टर. उजव्याचं मागच्या कॅम्पात केलं."

जे शाळेत कॅम्प म्हणजे तंबू आणि शेकोटी असं शिकलेत त्यांच्यासाठी: इकडे कॅम्प म्हणजे डोळ्यांचा. नाहीतर रक्ताचा. मी डॉक्टर नाही हे सांगितल्यावर पहिल्यांदा कोणी विश्वास ठेवला नाही. मग कालचे पारावरचे काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "मंग तुमी कशाला आले?"

"गाडीत झोपायला."

 काका रांगेकडे वळून म्हणाले, "चला उठा. ह्यायला घर न्हाई."

आम्ही अकरा जणांना चहा करून दिला. शेगडी लहान आहे, चार वेळा करावा लागला. दोरीवाल्या चष्म्याच्या आजोबांनी चहा पिऊन विचारलं की उदगीरला कॅम्प कधी असतो ते कळवाल का. मी उदगीरला चौकशी केली आणि काकांना फोनवर तारीख सांगितली. हे लिहितोय कारण तेवढं एकच काम मी त्या गावात बरोबर केलं.

सातवी रात्र उदगीर. तिथे अझहरची खाला, म्हणजे मावशी राहते, आणि शर्त तिथेच मोडता मोडता राहिली. खालाने बिर्याणी केली होती, पाहुण्यांच्या खोलीत नवीन चादर घातली होती. आम्ही जेवून गाडीकडे निघालो तर ती उंबऱ्यात उभी.

"मेरे घर के सामने गाडी में सोते? लोगां क्या बोलते?"

अझहरने तिला सांगितलं, "खाला, गाडी मालक की है. मालक ने बोला, छोडना नहीं." हे खरंच होतं. मालक म्हणजे माझे पप्पा. खालाने मला विचारलं, तुझा मालक कोण आहे असा. मी म्हणलं, कडक आहे. तिने नवीन चादर काढून गाडीतल्या पलंगावर घातली, उशा दिल्या, आणि त्या मालकाला चार शब्द ऐकवले. तेव्हापासून तो आमचा ठरलेला डायलॉग झाला, मालकाची गाडी आहे, सोडता येत नाही.

आठवी रात्र. उदगीरहून सरळ लातूरला दीड-दोन तासात घरी आलो असतो, पण रात्र उरली होती म्हणून निलंग्याकडून वळलो आणि किल्लारीच्या बाजूला गेलो. पप्पांचं गाव त्या भागातलं. मी कधी गेलो नव्हतो. आमच्या घरात भूकंप म्हणजे प्लास्टिकच्या फाईलमधलं एक प्रमाणपत्र, माझ्या ॲडमिशनच्या वेळी निघालेलं. त्याच्यापुढे पप्पा बोलत नाहीत आणि आम्ही विचारत नाही.

पार्किंगसाठी पुनर्वसनाच्या गावांसारखी जागा महाराष्ट्रात नसेल. रस्ते रुंद, सरळ, घरांमध्ये भरपूर अंतर. मी ते अझहरला मोठ्या आनंदाने सांगितलं. तो म्हणाला, "घरं एकमेकांवर पडू नये म्हणून हाय ते." 

एका घरासमोर लिंबाचं झाड होतं. विमलबाई नावाच्या मावशी अंगणात बाजेवर तूर निवडत बसल्या होत्या. साठी ओलांडलेली. मी विचारलं, रात्री इथे गाडी लावू का, गाडीतच झोपणार आहे. मालकाचा डायलॉग तयार होता.

"झोपा की," त्या म्हणाल्या आणि तूर निवडत राहिल्या.

आठ दिवसात पहिल्यांदा कोणी का विचारलं नाही. मग बघितलं तर त्यांच्या सरकारी घरात पहिल्या खोलीत पोती रचलेली, आणि बाज बाहेर. मी विचारलं, तुम्ही आत झोपत नाही का. "आत तूर झोपती," त्या म्हणाल्या. त्यांची मुलगी सुरेखा बाळंतपणाला आली होती. ती आणि वीस दिवसांचं बाळ तेवढे आतल्या खोलीत झोपायचे, बाळाला वारं लागू नये म्हणून. विमलबाईंना ते पटलेलं नव्हतं.

आठच्या सुमाराला आम्ही अंगणात जेवत होतो. भाकरी, पिठलं, ठेचा. तेव्हा जमिनीखालून आवाज आला, लांब कुठेतरी खडी उतरवल्यासारखा. काही हललं नाही. मला वाटलं सुरुंग असेल. अझहरने आभाळाकडे बघितलं. विमलबाई तोपर्यंत बाळाला घेऊन बाहेर आल्या होत्या, मागून सुरेखा. मिनिटभरात गल्लीतली सगळी घरं बाहेर आली. कोणी ओरडलं नाही, पळालं नाही. प्रत्येकाची उभं राहायची जागा ठरलेली होती. शेजारचा एक जण म्हणाला, "अधूनमधून होतंय असं," आणि बाज रस्त्याच्या मधोमध ओढली.

मग वारं सुटलं. धूळ, पाला, आणि जाड थेंब. सुरेखाने बाळाला पदरात घेतलं. आत जायचं नाही, बाहेर थांबता येत नाही. कोणी माझ्या गाडीकडे बघत नव्हतं. मीच बघत होतो.

खोटं कशाला सांगू, मी आधी शर्तीचाच विचार केला. अझहरला हळू म्हणलं, त्यांना मागे पलंगावर झोपवू, आपण पुढे सीटवर. ड्रायव्हर सीट पण गाडीच आहे.

"बाळंतीण हाय, यार," अझहर म्हणाला.

मी दार उघडलं. सुरेखा बाळ घेऊन चढली. विमलबाई पायरीवर थांबल्या. हात वर करून त्यांनी गाडीच्या टपावर बोटं वाजवून बघितली.

"वर काय हाय?"

"पत्रा. आत फोम."

"जड न्हाई ना?"

"नाही."

त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं. मी आणि अझहरने त्यांच्या बाजेवर रात्र काढली, अंगावर खताच्या पोत्यांची ताडपत्री घेऊन. थेंब अर्ध्या तासात थांबले, पण दार कोणी उघडलं नाही. सकाळी विमलबाई उतरल्या तेव्हा ऊन आलं होतं. म्हणाल्या, "पंखा चांगला हाय." अझहरने दुकानाचं कार्ड दिलं.

घरी आलो. जेवताना पप्पांनी विचारलं, "आठ?"

"सात," मी म्हणलं. सांगायची गरज नव्हती, अझहर काही बोलला नसता. पण पप्पांनी विचारलं होतं. मग सगळं सांगितलं. पप्पा जेवत राहिले.

"गाव कोणतं?"

मी नाव सांगितलं.

"बाळ झोपलं का?"

"हो."

"शर्त ती शर्त हाय. सोमवारी अझहरला बोलव." हात धुवायला उठले आणि बेसिनपाशी, पाठमोरेच म्हणाले, "त्र्याण्णवला आमी संक्रांतीपर्यंत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत झोपलो. चौदा माणसं. त्याला कोणी कॅम्पिंग म्हणलं न्हाई."

 ट्रिपचं विचाराल तर डिझेल, जेवण सगळं धरून दोघांचे अकरा हजार गेले, जागेचे शून्य. जागा मिळते. आठही दिवस मिळाली. मी निघताना समजत होतो की गाडीत झोपणं ही माझी आयडिया आहे.

रविवारी दुपारी पप्पा "बघू काय केलंय" म्हणून गाडीत चढले. अर्ध्या तासाने मी गेलो तर खालाच्या चादरीवर झोपले होते. दार सताड उघडं, एक पाय बाहेर पायरीवर. मी दार लावलं नाही.

सोमवारी अझहर सीट बसवायला पाने घेऊन आला. पप्पा म्हणाले, "बुधवारी ये." बुधवारी म्हणाले, शनिवारी बघू. हे लिहितोय तो त्याच्यानंतरचा दुसरा बुधवार आहे. बॅच पंधरा दिवसांवर आलीय, सीट अजून अझहरच्या दुकानाच्या माळ्यावर आहेत. अझहर येतो, चहा पितो, पाने घेऊन परत जातो. आज जाताना पप्पांनी त्याला थांबवलं आणि विचारलं, मागच्या खिडकीला जाळी बसते का, डास लई येतात.