होईलकाकांच्या मोटारी

दुकानात तिला सगळे 'चौकशीताई' म्हणायचे, आणि ते काही उगाच नाही. विजेच्या वस्तूंचं मोठं दुकान, आणि त्यात परत आलेला माल घ्यायच्या काउंटरवर ही बसायची. गिऱ्हाईक म्हणायचं, "इस्त्री तापत नाही." दुसरी कुणी पैसे देऊन मोकळी झाली असती. हिचं आपलं सुरू! कधीपासून तापत नाही? आधी जळका वास आला होता का? शेवटी गिऱ्हाईकच हात जोडायचं.

तर एक दिवस कंपनीकडून निरोप आला. परत पाठवलेले मिक्सर उघडले, तर आत मोटार भलतीच, जुनी आणि जळकी! कुणीतरी नवा मिक्सर विकत घ्यायचं, आतली मोटार काढून आपली जळकी बसवायचं, आणि 'चालतच नाही' म्हणत पैसे परत न्यायचं. बटण दाबलं तर खरंच चालत नाही. त्याच्या पोटात कोण डोकावतंय?

ते सगळे मिक्सर चष्मेवालीने घेतले होते. चौकशीताईच्या सुट्टीला काउंटरवर ती बसायची. दोघींचं गूळपीठ म्हणजे काय सांगावं! तिचा मिक्सर बंद पडला, तेव्हा चौकशीताईनेच तो पिशवीत घालून घरी नेला आणि सासऱ्यांकडून ठणठणीत करून आणला. आता त्याच चष्मेवालीला मॅनेजर म्हणाला, "तू सामील असणार. उद्या संध्याकाळपर्यंत खरं काय ते बोल, नाहीतर घरी बस."

ती रडकुंडीला आली. "अगं, माणूस दर वेळी वेगळा, बिल खरं, खोकं खरं. मला काय स्वप्न पडतं?" घरात कमावणारी ती एकटी.

चौकशीताईला फार वाईट वाटलं. पण स्वभाव जातोय कुठे? त्या वाईट वाटण्यातही तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. सगळे मिक्सर माझ्याच सुट्टीला का?

सुट्टीचा वार तर दर आठवड्याला बदलायचा. मग बाहेरच्याला कळणार कसा? म्हणजे चोर दुकानातलाच. घरी जाताना बसमध्ये तिने एकेकाला मनातल्या मनात उभंआडवं तपासलं, पण कुणावर संशय बसेना. बरं, दुकानातलं कुणी नाही, तर माझी सुट्टी आणखी कुणाला ठाऊक असते?

घरच्यांना!

सुट्टी ठरली की ती पहिल्यांदा सासऱ्यांना सांगायची. सासरे जन्मभर विजेच्या मोटारी दुरुस्त करून आता घरी बसलेले. अख्खी बिल्डिंग त्यांना 'होईलकाका' म्हणायची. कुणी काहीही बंद पडलेलं आणो, काका चष्मा कपाळावर चढवून म्हणणार, "होईल." पैशांचं नाव काढलं तर वर रागावणार.

ती घरी आली तेव्हा ते बाल्कनीत स्क्रू पिळत बसले होते.

"बाबा, मोटारी कुठून येतात?"

स्क्रूड्रायव्हर थांबला.

"कंपनी सुटी मोटार विकत नाही गं. नवा मिक्सर घ्या म्हणते. आणि दारात आलेल्या माणसाला 'होणार नाही' म्हणायला माझी जीभच रेटत नाही."

"म्हणून बिल्डिंगमधल्या लोकांना पाठवलंत? माझ्या सुट्टीला?"

"तुझ्यावर बालंट नको म्हणून. कंपनीला काय फरक पडतोय, असं वाटलं मला."

"आणि चष्मेवाली उद्या घरी बसणार, तिचं काय?"

त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. हे त्यांना ठाऊकच नव्हतं. चौकशीताईला त्यांचा असा राग आला म्हणता, आणि त्याच वेळी कीवही आली.

"मी तुमचं नाव सांगणार नाही, बाबा. ते तुम्हीच सांगायचं."

त्यावर काही ते 'होईल' म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिचं कामात लक्षच नव्हतं. दार उघडलं की मान वर. संध्याकाळ झाली, चष्मेवाली आपला डबा नि छत्री पिशवीत भरायला लागली, आता काय, मलाच तोंड उघडावं लागणार, असं चौकशीताई म्हणतेय, तोच रांगेच्या शेवटी सासरे दिसले. इस्त्रीचा शर्ट घालून, हात रिकामे. मधे घुसले नाहीत, रांगेतूनच पुढे आले.

"काय तक्रार आहे?" सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं.

"त्या मोटारी मी काढल्या," ते चष्मेवालीकडे हात करून, मॅनेजरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "या बाईचा काही दोष नाही."

मॅनेजर तरातरा आला. "कुणाकुणाला बसवल्या त्या?"

काका शेजाऱ्यांची नावं सांगणार नाहीत, हे चौकशीताईला दिसतच होतं.

चष्मेवालीच्या जिवात जीव आला होता. पिशवी खाली ठेवून ती त्यांच्याकडे पाहत राहिली, आणि मग हळूच म्हणाली, "काका, माझ्या मिक्सरमध्ये कुठली आहे हो?"

काकांनी मान खाली घातली.

"आज सकाळीच वाटण वाटलं मी त्यात," ती म्हणाली.