ओढ्याच्या अलीकडे

आपांइतकी सहज माघार घेणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. माथा समोर दिसत असायचा, आणि आपा थांबून आभाळाकडे बघत म्हणायच्या, "चला, आता खाली." कुणी कारण विचारलं तर म्हणायच्या, "डोंगर कुठं पळून जात न्हाई." जो जास्त चिडलेला असेल त्याच्या हातावर खजूर ठेवायच्या आणि स्वतः आधी उतरायला लागायच्या.

बीडच्या एका शाळेत गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. रविवारी बालाघाटच्या डोंगरात चालायला जाणारा आमचा घोळका त्यांनीच जमवलेला. मी पोस्टात कामाला, बाकीचे कुणी दुकानदार, कुणी शिक्षक. गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या अंगणात बेत ठरायचा. परत यायची एसटी आधी ठरायची, मग जायचं ठिकाण. घरी न सांगता येणाऱ्याला त्या नेत नसत. "तुमी हरवलात तर मी कुणाला फोन करू?" असं त्या अगदी शांतपणे विचारायच्या.

त्यांचे यजमान, भाईजान, अर्धांगवायूनं एका बाजूनं लुळे झालेले. काठीच्या आधारानं घरात फिरत. रविवारी आपा त्यांचा डबा झाकून ठेवायच्या, दाराला बाहेरून कुलूप लावून किल्ली बरोबर घ्यायच्या आणि शेजारच्या ताईंना सांगून निघायच्या. "घरी राहिले तर मीच आजारी पडेन म्हणून ह्यांनीच मला हाकलून दिलंय," असं म्हणायच्या.

त्या श्रावणात आम्ही कपिलधारला गेलो. देवळामागच्या वाटेनं पठारावर चढलो आणि धबधब्याच्या वरच्या अंगाला घोट्याएवढ्या पाण्यातून ओढा ओलांडला. दुपारी वरच्या बाजूला आभाळ काळं झालं. आमच्यावर एक थेंब नव्हता, तरी आपांनी सगळ्यांना मागं फिरवलं. नव्यानंच येऊ लागलेले वकीलसाहेब कुरकुरले, "पाऊस तिकडं लांब पडतोय की."

ओढ्यापाशी आलो तेव्हा पाणी लाल झालं होतं आणि मांडीपर्यंत चढलं होतं. आपा म्हणाल्या, "इथून न्हाई. पठारावरून वळसा घालून सडकेला लागू." वळसा म्हणजे संध्याकाळपर्यंतची चाल. आम्ही पिशव्या उचलतच होतो, तेवढ्यात आपांचा फोन वाजला. शेजारच्या ताई होत्या. त्यांचा घाबरा आवाज मला शेजारी उभी असताना ऐकू आला. "भाईजान हाकेला ओ देत न्हाईत. किल्ली तुमच्यापाशी हाय ना? कवा येताय?" आपा काही बोलायच्या आत आवाज तुटला. मग कुणाच्याच फोनला रेंज मिळेना.

पलीकडे देवळाचा रस्ता होता, रिक्षा होत्या. आपांनी तिकडे पाहिलं. मग पदर खोचला आणि सरळ पाण्यात उतरल्या. दोन पावलं गेल्या तेवढ्यात पाणी कमरेला लागलं. मी ओरडले, पण पाण्याच्या आवाजात ते त्यांना ऐकू गेलं नसावं.

त्यांनी मागं वळून पाहिलं ते वकीलसाहेबांमुळे. ते बूट काढून पाण्यात शिरत होते. "आपा, थांबा, मी धरतो." त्यांच्या मागं बाकीचेही चपला हातात घेऊन उभे होते. आपा आमच्याकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा तेव्हा मला ओळखू येत नव्हता. मग त्या परत फिरल्या, काठावर आल्या आणि वकीलसाहेबांना म्हणाल्या, "बूट घाला."

आम्ही वळसा घालून चाललो. आपा दर थोड्या वेळानं फोन कानाला लावत होत्या. मागं ओढ्याचा आवाज मोठा होत गेला. सडकेवर जीप मिळाली आणि दिवेलागणीला आम्ही त्यांच्या दारात पोचलो. दाराबाहेर गर्दी होती. आपा येतील, आपा येतील म्हणत ताईंनी बराच वेळ वाट पाहिली होती आणि शेवटी कुलूप तोडलं होतं. भाईजानांना पुन्हा झटका आला होता. लवकर आणलं असतं तर बरं झालं असतं, असं दवाखान्यात डॉक्टर म्हणाले.

भाईजान काही महिने जगले, पण बोलले नाहीत. ते गेल्यावर आम्ही भेटायला गेलो. वकीलसाहेब म्हणाले, "आपा, त्या दिवशी तुम्ही आम्हाला वाचवलंत."

आपा म्हणाल्या, "तुमी बूट काढले नसते तर मी गेले असते. वाहूनही गेले असते, ते कळतं मला. तरी तुमाला बघितलं की राग येतो. अजून लई दिवस येईल." आपांनी चहाचा कप उचलून त्यांच्या हातात दिला. "पण येत जा. तुमी यायचं बंद केलं तर मी कुणावर रागावू?"

वकीलसाहेब आपांकडे जात राहिले. पुढं आपा लेकीकडे लातूरला राहायला गेल्या, तेव्हा त्यांची ट्रंक खांद्यावर घेऊन एसटीत चढवली ती त्यांनीच. आपा खिडकीत बसल्या होत्या. गाडी हलली तेव्हा त्यांनी हात बाहेर काढून वकीलसाहेबांच्या डोक्यावर ठेवला, आणि गाडीबरोबर तो निसटेपर्यंत तसाच राहू दिला.