मुकं जातं

टेंभुर्णीच्या स्टँडवर सोलापूरच्या एसटीची वाट बघत होते, तेव्हा सुनीलचा फोन आला. "ताई, आजी गेली. सकाळी च्या मागितला, अन् पेला हातात घेऊन तशीच…" मी तिच्याकडंच निघाले होते. सुनीलची आजी म्हणजे माझ्या आजोबांची धाकटी बहीण. वडील आत्या म्हणायचे, म्हणून आम्हीही आत्याच म्हणायचो.

तिचं माहेर निजामाच्या हद्दीत. देश स्वतंत्र झाला होता, त्यांचं गाव अजून व्हायचं होतं. आजोबा लढ्यात उतरले आणि चार पोरांबरोबर रानात लपले. त्यांना भाकरी पोचवायचं काम आत्याच्या आईनं, माझ्या पणजीनं अंगावर घेतलं. पहाटेचं दळण घरचं, ते गाऊन व्हायचं. दुपारचं दळण रानातल्या पोरांचं, ते मुक्यानं. कारण जात्यावर गळा ऐकू आला की शेजारणी हमखास खुंट्याला हात लावायला येणार, आणि एवढं पीठ कुणासाठी म्हणून विचारणार. समोर बसून जातं ओढायला दहा-अकरा वर्षांची आत्या. दोघी मिळून कडक भाकरी करायच्या, फडक्यात बांधायच्या आणि शेणखताच्या पाटीत तळाशी घालायच्या. पाटी आत्याच्या डोक्यावर. "शेणात हात घालाया कोण धजतंय?" हे सांगताना म्हातारपणीही ती खुदकन हसायची.

पण मुकं दळणच अंगाशी आलं. पाटलाच्या वाड्यावरचा गडी एक दिवस दारात उभा राहिला. "दुपारचं जातं, अन् तेबी मुकं? काय चाललंय गं म्हातारे?"

पणजीनं हात थांबवला नाही. "थोरला गेला माझा. मर्तिकाच्या घरात कोण गातंय?"

गडी मान खाली घालून गेला. संध्याकाळपासून गाव सांत्वनाला यायला लागलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांना भाकरी लागणारच, त्यामुळं जास्तीच्या पिठालाही निमित्त मिळालं. मात्र आता पहाटेचं जातंही मुकं झालं. जित्या लेकाचं सुतक पाळत ती माऊली दळत राहिली… रात्री देवापुढं कान धरायची म्हणे, पण भाकरी एक दिवस चुकली नाही. गाव मोकळं झालं, आजोबा दारात आले, तेव्हा तिनं आधी जातं मांडलं आणि गायली:

दळण मुक्यानं दळलं, लेक रानात जेवला
लेक उंबऱ्यात येता, जात्याला गं गळा आला

आमच्या घरातली पहिली बीए मी, आणि विषय इतिहास. पुस्तकात मोर्चे होते, तुरुंग होते, दळण कुठंच नव्हतं. गावच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या स्तंभावरही आजोबांचं नाव आहे, पणजीचं नाही. एका सतरा सप्टेंबरला, मुक्तिदिनाला, तिथं आत्याला स्वातंत्र्यसैनिकाची बहीण म्हणून शाल द्यायला बोलावलं. सरपंच शाल उघडायला लागले, तर हिनं त्यांचा हात धरला. "भन म्हणून नगं, बाबा. म्या दळलंय. माज्या आयनं दळलंय. तसं म्हण, मग घाल." ते माईकवर तसं म्हणाले, तेव्हाच तिनं शाल घेतली. परतीच्या एसटीत मला म्हणाली, "माज्यामागं जातं मुकं ठिवू नगं. आता कुणाला भ्यायचं हाय?"

पणजीचं ते जातं आत्यानं सोलापूरच्या दोन खोल्यांतही जपलं होतं. दहाव्यानंतर सुनील म्हणाला, "ताई, बाल्कनीत ठेवतो. वर कुंडी लई झ्याक दिसंल." पोरगा वाईट नाही, हौशी आहे. मी रिक्षा बोलावली. जात्याच्या दोन्ही तळ्या स्टँडवर नेल्या आणि एसटीनं टेंभुर्णीला माझ्याकडं आणल्या.

परवा ज्वारी घेऊन बसले. फ्लॅटमध्ये घरघर भरून राहिली. गळा मला नाही, तरी आत्याकडून पाठ झालेल्या त्या दोन ओळी मोठ्यानं म्हटल्या. थोड्या वेळानं बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या काकू दारात. "अगं, कसला आवाज म्हणायचा हा?"

"दळतेय, काकू," म्हटलं. "या की. समोर बसा, खुंट्याला हात लावा."

चप्पल काढून त्या आत आल्या.