काळवंडलेली काच

मी नेमकं काय काम करते हे नवागाममधल्या आमच्या गल्लीत कुणालाच सांगता येत नसे. लेझर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी संगणकावर गणितं करायचे. केसासारख्या बारीक काचेच्या तंतूत इटर्बियम नावाचा दुर्मिळ धातू मिसळलेला असतो. त्यातून जाताना प्रकाश किती वाढेल, तंतू किती तापेल, हे यंत्र बनण्याआधीच समीकरणं सोडवून काढायचं.

एका नव्या यंत्राच्या गणितात दिसलं की वापरता वापरता काच काळवंडतेय आणि काही महिन्यांत लेझरची ताकद घसरतेय. मी आमच्या गुजराती साहेबांना आलेख दाखवला.

"बेन, हा काळवंडण्याचा भाग काढून टाका. रेषा सरळ पाहिजे. गिऱ्हाइकाला उद्या रिपोर्ट द्यायचाय."

"सर, पण काच काळवंडणारच आहे."

"ते नंतर बघू."

मी काळवंडण्याचा आकडा शून्य केला. रेषा सरळ आली. खाली माझी सही. आजही हे लिहिताना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

यंत्र जवळच्याच बमरोलीत पत्रे कापणाऱ्या कारखान्यात गेलं. ते चालवायचे आमच्याच गल्लीतले काका, वडिलांचे जुने दोस्त, जालन्याकडचे. पाच-सहा महिन्यांनी पत्रा आरपार कापला जाईना. आमच्या कंपनीनं कळवलं, ऑपरेटर लेझरच्या तोंडाचं भिंग साफ ठेवत नाही. कारखान्यानं काकांना काढून टाकलं.

हे मला वडिलांनी जेवताना सांगितलं. मी रिपोर्टची हकीकत सांगितली. ते आवाज न चढवता अहिराणीत म्हणाले, "त्यावर तुनी सही से ना?"

दुसऱ्या दिवशी जुना आकडा घालून गणित पुन्हा केलं आणि दोन्ही आलेख घेऊन थेट बमरोलीला गेले. मालकाला सांगितलं, काचच काळवंडलीय, भिंग कितीही पुसलं असतं तरी हेच झालं असतं, आणि मला हे आधीच ठाऊक होतं. त्यानं कंपनीकडून तंतू बदलून घेतला. मी राजीनामा दिला. "तुम्ही भावनेच्या भरात आहात," साहेब म्हणाले. त्या माणसाला गणितसुद्धा भावना वाटत होती.

काकांना कुणी परत बोलावलं नाही. त्यांच्या जागी दुसरा बसला होता. माफी तर लांबच.

मी काकांच्या घरी जाऊन त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी रोज दोनदा पुसायचो, पोरी. शेवटी बायकोसुद्धा विचारायला लागली होती, खरंच पुसत होता ना?"